लाभार्थी घटले म्हणजे गरिबी घटली का? कल्याण योजनेतला बदल तपासण्याची रीत

कल्याण योजनेचे नियम कडक केले की वर्षभरात एक आकडा हमखास पुढे केला जातो: यादीवरची इतकी कुटुंबे कमी झाली. त्यावरून कोणी म्हणते लोक कामाला लागले, कोणी म्हणते गरिबांच्या तोंडचा घास काढला. आकडा बहुतेक वेळा खरा असतो. चूक होते ती त्यातून काढलेल्या निष्कर्षात. यादीवरची नावे, काम करणाऱ्यांचे प्रमाण आणि गरिबी या तीन वेगळ्या गोष्टी आहेत आणि तिघी तीन दिशांना जाऊ शकतात. त्या सुट्या करून कशा मोजायच्या ते पुढे दिले आहे. उदाहरणे मुख्यतः अमेरिकेतल्या १९९६ च्या कल्याण कायद्याची आहेत, कारण त्या बदलावर झाला तितका अभ्यास फार थोड्या कायद्यांच्या वाट्याला आला आहे.

आधी नियम एका पानावर उतरवा

'अटी कडक केल्या' एवढ्यावर काहीच तपासता येत नाही. कायदा वाचून सहा प्रश्नांची उत्तरे आकड्यांत लिहा. काहीच कमाई नसलेल्या कुटुंबाला महिन्याला किती मिळते? कमाई सुरू झाली की शंभरामागे किती कापतात? आठवड्याला किती तास काम करण्याची अट आहे आणि 'काम' कशाला म्हटले आहे? मदतीला मुदत आहे का? अट मोडली तर फक्त आईचा हिस्सा कापतात की सगळ्या कुटुंबाची मदत बंद होते? आणि योजना चालवणाऱ्या यंत्रणेला शाबासकी कशाबद्दल मिळते?

१९९६ चे पान असे भरेल. २२ ऑगस्ट १९९६ रोजी राष्ट्राध्यक्ष बिल क्लिंटन यांनी कायद्यावर सही केली. मुले असलेल्या गरीब कुटुंबांसाठी १९३५ पासून चालत आलेली, पुढे एएफडीसी म्हणून ओळखली गेलेली रोख मदतीची योजना गेली आणि तिच्या जागी टॅन्फ आली. जुन्या योजनेत पात्र कुटुंबाचा मदतीवर हक्क होता. यादी वाढली की केंद्राचा खर्चही वाढे. नव्या योजनेत राज्यांना मिळून वर्षाला सुमारे १६.५ अब्ज डॉलर एवढी ठरावीक रक्कम मिळू लागली. केंद्राच्या पैशातून एका कुटुंबाला आयुष्यभरात जास्तीत जास्त ६० महिने मदत. राज्याला यादीतल्या २० टक्के कुटुंबांना यातून सूट देता येते, उलट मुदत आणखी कमीही करता येते. ॲरिझोनाने २०१६ मध्ये ती १२ महिन्यांवर आणली. काम करू शकणारी प्रौढ व्यक्ती असलेल्या कुटुंबांपैकी ५० टक्के कुटुंबे कामात असली पाहिजेत, म्हणजे आठवड्याला ३० तास. सहा वर्षांखालचे मूल असलेल्या एकट्या आईला २० तास.

सहावा प्रश्न बहुतेक जण विसरतात आणि नेमके तिथेच पाणी मुरते. १९९६ च्या कायद्यात एक सवलत होती: राज्याची यादी जितके टक्के घटेल, तितके त्याचे ५० टक्क्यांचे उद्दिष्ट खाली येईल. यादी निम्म्यावर आली की उद्दिष्ट जवळपास शून्य. मग कुणाला नोकरी लावून देण्यापेक्षा नाव कमी करणे, किंवा नाव आतच येऊ न देणे, राज्याला स्वस्त पडते. पुढे या सवलतीचे आधारवर्ष बदलून ती आवळण्यात आली, पण तोवर यादी घटून बसली होती. कायद्याची भाषा कामाची असली तरी यंत्रणेला बक्षीस कशाचे आहे ते आधी बघावे.

दुसरी सहज निसटणारी बाब म्हणजे महागाई. ते १६.५ अब्ज डॉलर १९९६ पासून जवळजवळ तेवढेच राहिले. किमती मात्र या काळात दुपटीच्या आसपास गेल्या. कागदावर कपात न करता खरी रक्कम निम्म्यावर आली. तुमच्या पानावर प्रत्येक रकमेपुढे 'महागाईनुसार वाढते का?' असा रकाना ठेवा. शिवाय ठोक रक्कम राज्याच्या हाती दिली की ती रोख मदतीवरच खर्च होईल असेही नाही. मिसिसिपीत टॅन्फचा पैसा विद्यापीठाच्या व्हॉलीबॉल केंद्राच्या बांधकामाकडे वळला होता, हे २०२० मध्ये राज्याच्याच लेखापरीक्षणात बाहेर आले.

एका घराचा हिशोब मांडा

'काम केले तर फायदा होतो का?' या प्रश्नावर मते मागू नका, बेरीज-वजाबाकी करा. एक आई, दोन मुले असे घर घ्या आणि शून्य तास, अर्धवेळ, पूर्णवेळ अशा तीन स्थितींत महिन्याला हातात काय पडते ते काढा. खालचे मजुरीचे, मदतीचे आणि खर्चाचे आकडे नमुन्याचे आहेत. कपातीचे दर मात्र अमेरिकेतल्या नियमांच्या धर्तीवर घेतले आहेत.

मजुरी तासाला १० डॉलर. काम नसताना रोख मदत ५०० आणि अन्नासाठीची मदत ४००. कमाईतले पहिले १०० डॉलर सोडून पुढच्या प्रत्येक शंभरामागे रोख मदत ५० ने घटते. अन्नाची मदत कमाईच्या प्रत्येक शंभरामागे २४ ने घटते. पगारातून ७.६५ टक्के सामाजिक सुरक्षेची कपात.

शून्य तास: ५०० + ४०० = ९०० डॉलर.

अर्धवेळ, महिन्याला ८० तास: कमाई ८००. रोख मदत १५० उरते, अन्नाची २०८. पगारातून ६१ कापले. पाळणाघराला २५०, प्रवासाला ६०. हातात ७८७.

पूर्णवेळ, १६० तास: कमाई १,६००. रोख मदत बंद, अन्नाची १६ उरते. पगारातून १२२ कापले. पाळणाघर ४५०, प्रवास ८०. हातात ९६४.

म्हणजे अर्धवेळ काम धरले तर महिन्याला ११३ डॉलरचा खड्डा, आणि पूर्णवेळ काम केल्यावर १६० तासांचे मिळून ६४ डॉलर जास्त, तासाला ४० सेंट. ८०० वरून १,६०० कमाईवर जाताना वाढलेल्या ८०० पैकी ४०३ मदत आणि कपातीत जातात, २२० पाळणाघर आणि प्रवासात. उरतात १७७. आळस, लाचारी, संस्कार असल्या शब्दांनी ज्याचे स्पष्टीकरण दिले जाते, त्यातले बरेचसे या तीन ओळींत सापडते.

आता यात अर्न्ड इन्कम टॅक्स क्रेडिट, म्हणजे ईआयटीसी, मिळवा. ही कमावणाऱ्यालाच मिळणारी करसवलत आहे. कर शून्य असला तरी रक्कम हातात येते. दोन मुलांच्या कुटुंबाला सुरुवातीला कमाईच्या ४० टक्के दराने ती मिळते, एका मर्यादेनंतर थांबते आणि पुढे २१ टक्क्यांच्या आसपास दराने घटत जाते. आपल्या घराला अर्धवेळ कामावर महिन्याच्या सरासरीने ३२० आणि पूर्णवेळवर साधारण ५८० मिळतील. तिन्ही स्थिती आता ९००, १,१०७ आणि १,५४४ अशा दिसतात. हिशोब पार फिरला.

मात्र एक अट लक्षात ठेवा: ही रक्कम वर्षातून एकदा, कर विवरण भरल्यावर येते. म्हणून तक्त्यात दोन ओळी करा, एक 'दर महिन्याला हातात' आणि दुसरी 'वर्षाच्या हिशोबाने'. वर्षाच्या हिशोबात ते घर सुस्थितीत असते आणि ऑक्टोबरात भाडे थकलेले असते. दोन्ही एकाच वेळी खरे. ब्रिटनमध्ये युनिव्हर्सल क्रेडिट या कमी उत्पन्नाच्या घरांसाठीच्या मुख्य मदतीची पहिली रक्कम अर्जानंतर साधारण पाच आठवड्यांनी मिळते. मदतीचा दर कितीही बरा असला तरी ते पाच आठवडे अनेक घरे उधारीवर काढतात.

या तक्त्यात हमखास होणाऱ्या चुका तीन. पहिली, प्रत्येक योजनेचा कपातीचा दर सुटा सुटा पाहणे. ५० टक्के आणि २४ टक्के वेगवेगळे बरे दिसतात, एकत्र ७४ होतात. खऱ्या नियमांत योजना एकमेकींवर परिणामही करतात. रोख मदत घटली की अन्नाची थोडी वाढते. वरच्या नमुन्यात ते सोडले आहे, तुमच्या तक्त्यात धरा. दुसरी, कडा न शोधणे. काही मदती हळूहळू घटत नाहीत, मर्यादा ओलांडताच एकदम तुटतात. पाळणाघराचे अनुदान आणि आरोग्य विमा यांत असे होते. म्हणून तीनच स्थितींवर न थांबता दर १०० डॉलरला एक ओळ करा, कडा आपोआप दिसेल. तिसरी, सवलतीची मुदत न पाहणे. एएफडीसीत १९६७ पासून महिन्याची पहिली ३० डॉलर कमाई आणि उरलेल्याचा एक-तृतीयांश भाग कपातीतून वगळला जाई. १९८१ च्या कायद्याने ही सूट चार महिन्यांपुरती केली. त्यानंतर कामाचा खर्च वजा जाता कमावलेल्या प्रत्येक डॉलरमागे जवळपास एक डॉलर मदत कापली जाऊ लागली. पहिल्या महिन्याचा हिशोब करून थांबलात तर हे दिसणारच नाही.

यादी का घटली ते शोधा

एएफडीसीच्या यादीवर १९९४ मध्ये सुमारे ५० लाख कुटुंबे होती. २००० पर्यंत ती निम्म्याहून खाली आली. हा आकडा सगळ्यात जास्त सांगितला जातो आणि सगळ्यात कमी सांगून जातो.

यादी हा साठा आहे. तो आत येणारे आणि बाहेर जाणारे या दोन प्रवाहांनी ठरतो. समजा यादीवर १,००० कुटुंबे आहेत, दरमहा त्यातली ५ टक्के, म्हणजे ५०, बाहेर पडतात आणि ५० नवी येतात. आता कार्यालयाने अर्जाआधी काही आठवडे नोकरी शोधल्याचा पुरावा मागायला सुरुवात केली आणि नवे प्रवेश ३० वर आले. बाहेर पडण्याचा दर तोच, ५ टक्के. वर्षभरात यादी ८१६ वर येईल, दोन वर्षांत ७१७ वर, आणि अखेर ६०० वर स्थिरावेल. चाळीस टक्के घट, आणि योजनेमुळे एकही जादा कुटुंब कामाला लागलेले नाही. म्हणून यादीचा आकडा हाती आला की लगेच दुसरे दोन मागा: महिन्याला नवे मंजूर अर्ज किती, आणि बंद झालेली प्रकरणे किती व कोणत्या कारणाने. कारणांचे संकेतांक नीट पाहा. 'कमाई वाढली' आणि 'कागदपत्रे दिली नाहीत' यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. अर्थात दुसऱ्या कारणाखाली काही वेळा नोकरी लागलेल्या बायकाही असतात. पगार सुरू झाल्यावर कार्यालयाच्या फेऱ्या कोण मारणार?

यासोबत छेद बदलून पाहा. 'यादीवर किती' याऐवजी 'दर १०० गरीब कुटुंबांमागे यादीवर किती' असा आकडा काढा. अमेरिकेत मुले असलेल्या १०० गरीब कुटुंबांमागे १९९६ मध्ये ६८ कुटुंबांना रोख मदत मिळत होती. २०२० पर्यंत हा आकडा २१ वर आला. गरिबी घटल्यामुळे यादी घटली असती तर हे प्रमाण एवढे कोसळले नसते. बाहेर राहिलेली सगळी कुटुंबे अपात्र होती असेही नाही. पात्र असूनही मदत न घेणाऱ्यांचा वाटा फार वाढला.

आणखी एक सावधगिरी. टॅन्फच्या आजच्या यादीत जवळपास निम्मी प्रकरणे फक्त मुलांची आहेत: मूल आजीकडे राहते, किंवा आईवडील स्वतः मदतीस पात्र नाहीत. या घरांत कामाची अट लागू होणारी प्रौढ व्यक्तीच यादीवर नाही. कामाचे प्रमाण काढताना ही प्रकरणे बाजूला काढा, नाहीतर भाजक चुकेल.

काम मोजताना

मदत सोडलेल्या बायकांचे पुढे काय झाले, हे पाहणारे बरेच अभ्यास १९९० च्या दशकाच्या शेवटी झाले. बाहेर पडलेल्यांपैकी नंतरचा कुठलाही एक क्षण घेतला तर साधारण पाचपैकी तिघी काम करताना आढळल्या. आकडा उपयोगाचा आहे, पण योजनेचा परिणाम म्हणून वाचू नये. जुन्या योजनेतूनही बायका बाहेर पडत आणि कामाला लागत. ते प्रमाण वजा केल्याशिवाय बदलाचे श्रेय ठरत नाही. शिवाय जी अर्ज करायलाच आली नाही, ती या अभ्यासात कुठेच नसते.

'नोकरी लागली का?' हा एक प्रश्न विचारून थांबू नका. सलग आठ तिमाही घ्या आणि प्रत्येक कुटुंबासाठी किती तिमाहींत कमाई होती, मधली कमाई किती, पुन्हा मदतीवर यावे लागले का, हे भरा. पगाराच्या सरकारी नोंदी वापरत असाल तर त्यांच्या भोकांची यादी आधीच करा: दुसऱ्या राज्यातली नोकरी, स्वतःचा छोटा धंदा, रोखीने केलेली घरकामे त्यात येत नाहीत. घरोघरच्या सर्वेक्षणात ही कामे येतात, पण तिथे उलटी अडचण असते; लोक मिळालेली मदत कमी सांगतात. अमेरिकेच्या मुख्य सर्वेक्षणात टॅन्फच्या प्रत्यक्ष वाटलेल्या पैशांपैकी निम्म्याच्या आसपासच रक्कम नोंदली जाते. अत्यंत गरिबीचा वाद यावरूनच पेटला. दिवसाला दोन डॉलरही रोख उत्पन्न नसलेली कुटुंबे १९९६ नंतर खूप वाढली, असे एका गटाने सर्वेक्षणांच्या आधारे मांडले. दुसऱ्या गटाने तीच सर्वेक्षणे कर आणि मदतीच्या सरकारी नोंदींशी जोडली, तेव्हा त्यातली बहुतेक कुटुंबे प्रत्यक्षात त्या रेषेच्या वर निघाली. तळाच्या काही टक्क्यांबद्दल बोलायचे असेल तर दोन्ही स्रोत जोडलेले आकडेच वापरा. एकट्या सर्वेक्षणावर तेवढा भार टाकता येत नाही.

कोणती गरिबी?

अमेरिकेची अधिकृत दारिद्र्यरेषा १९६० च्या दशकात मॉली ओर्शान्स्की यांनी केलेल्या कामावर उभी आहे: किमान आहाराचा खर्च गुणिले तीन, पुढे महागाईनुसार वाढ. तिची तुलना कुटुंबाच्या कर कापण्यापूर्वीच्या रोख उत्पन्नाशी करतात. त्यामुळे ईआयटीसी तिला दिसत नाही आणि अन्नाची मदतही दिसत नाही. पाळणाघराचा खर्चही तिच्या हिशोबात नाही. आपल्या नमुन्यातले पूर्णवेळ काम करणारे घर आठवा. अधिकृत मापात त्याचे उत्पन्न १,६००. खरे हातात ९६४, वर्षाच्या हिशोबाने १,५४४.

२०११ पासून प्रसिद्ध होणारे पूरक माप या सगळ्या गोष्टी धरते. दोन्ही मापांत किती अंतर पडू शकते ते २०२१ मध्ये दिसले. त्या वर्षी मुलांमागची करसवलत तात्पुरती वाढवून सहा वर्षांखालच्या मुलामागे ३,६०० आणि मोठ्या मुलामागे ३,००० डॉलर केली, कमाई नसलेल्या कुटुंबांनाही पूर्ण दिली, आणि जुलै ते डिसेंबर निम्मी रक्कम दरमहा खात्यात जमा केली. पूरक मापाने मुलांची गरिबी २०२० मधल्या ९.७ टक्क्यांवरून ५.२ टक्क्यांवर आली. वाढीव सवलत संपल्यावर २०२२ मध्ये ती १२.४ टक्क्यांवर गेली. अधिकृत माप २०२१ साठी १५.३ टक्के दाखवत होते. मुले तीच, वर्ष तेच.

म्हणून नियमांच्या पानावर परत जा आणि बदलात पैसा कोणत्या रूपात हलला ते पाहा. रोख मदत कमी करून करसवलत वाढवली असेल, तर अधिकृत माप बदलाला उगाच वाईट ठरवेल. लोकांना कामाला लावले पण पाळणाघराची सोय केली नसेल, तर तेच माप उगाच चांगले ठरवेल. शक्य असेल तर तीन आकडे द्या: रेषेखाली किती, रेषेच्या निम्म्याखाली किती, आणि रेषेपासून सरासरी किती खाली. पहिला आकडा सुधारत असताना दुसरा बिघडू शकतो. रेषेच्या जवळचे वर सरकतात, तळातले आणखी खाली जातात.

श्रेय कोणाच्या खात्यात

१९९३ मध्ये अमेरिकेतली २२.७ टक्के मुले अधिकृत मापाने गरीब होती. २००० मध्ये १६.२ टक्के. एकट्या मातांचे, विशेषतः कधीच लग्न न झालेल्या मातांचे, कामाचे प्रमाण याच काळात झपाट्याने वाढले. कायद्याचे समर्थक हे आकडे दाखवतात आणि ते खरे आहेत. पण घट सुरू झाली कायद्याच्या आधी. १९९३ मध्ये ईआयटीसीत मोठी वाढ मंजूर झाली होती. अनेक राज्यांना केंद्राकडून सूट घेऊन स्वतःचे प्रयोग करण्याची मुभा कायद्याआधीच मिळाली होती. किमान वेतन १९९६ आणि १९९७ मध्ये दोन टप्प्यांत ४.२५ वरून ५.१५ डॉलर झाले. आणि बेरोजगारी २००० मध्ये ४ टक्क्यांवर आली होती. मेयर आणि रोझेनबॉम या अर्थतज्ज्ञांनी २००१ मध्ये वाढलेल्या कामाचे मोठे श्रेय ईआयटीसीला दिले. अर्थतज्ज्ञ हेन्रिक क्लेवन यांनी जवळपास वीस वर्षांनी तेच आकडे उलगडून म्हटले की १९९३ च्या वाढीचा परिणाम कल्याण कायद्यातले बदल आणि तेजीतली अर्थव्यवस्था यांपासून वेगळा काढताच येत नाही. वाद मिटलेला नाही. तुमच्या अहवालातही तो मिटवायचा आव आणू नका.

निदान एवढे करा. ज्यांना बदल लागू झाला नाही पण बाजार तोच आहे असा गट निवडा. मूल नसलेल्या एकट्या स्त्रिया हा नेहमीचा पर्याय. समजा एकट्या मातांचे कामाचे प्रमाण ६० वरून ७२ वर गेले आणि मूल नसलेल्यांचे ८० वरून ८३ वर. मग बदलाच्या वाट्याला जास्तीत जास्त ९ अंक येतात, १२ नव्हे. त्याआधी मागच्या चार-पाच वर्षांत दोन्ही गट सारखे चालत होते का ते आलेख काढून पाहा. आधीपासूनच दोघांतले अंतर मिटत असेल तर हे ९ सुद्धा फुगलेले आहेत. आणि तुलनेची खिडकी मंदीपर्यंत ताणा. तेजीत सुरू झालेल्या योजनेची खरी कसोटी २००८ नंतर लागली. बेरोजगारी दुप्पट झाली, अन्नाच्या मदतीची यादी भराभर वाढली. टॅन्फची फारशी हलली नाही.

याहून भक्कम पुरावा चिठ्ठी टाकून गट पाडलेल्या प्रयोगांचा. असे बरेच प्रयोग याच काळात झाले आणि त्यातून निघालेले चित्र स्पष्ट आहे. 'आधी नोकरी धरा' असा नुसता रेटा लावणाऱ्या कार्यक्रमांत कमाई वाढली, पण मदत जवळपास तेवढीच कापली गेली. घराचे एकूण उत्पन्न होते तिथेच राहिले. मिनेसोटाच्या कार्यक्रमात कामाच्या अटीबरोबर कमाईतला बराच भाग कपातीतून वगळला होता. तिथे दीर्घकाळ मदतीवर असलेल्या एकट्या मातांचे कामही वाढले आणि गरिबीही घटली. कॅनडात एका वर्षाहून अधिक काळ मदतीवर असलेल्यांना आठवड्याला ३० तासांची नोकरी धरली तर तीन वर्षे पगारावर पूरक रक्कम देण्याचा प्रयोग झाला. पूर्णवेळ काम करणाऱ्यांचे प्रमाण तुलनेच्या गटाच्या जवळपास दुप्पट झाले, आणि तीन वर्षे संपल्यावर हा फरक हळूहळू विरला. हे वाचताना नेहमी विचारा: निकाल कितव्या महिन्याचा आहे? अठराव्या महिन्याचा निकाल दाखवून साठाव्याबद्दल बोलणारे अहवाल कमी नाहीत.

सरासरीवर तर अजिबात थांबू नये. कनेक्टिकटच्या कार्यक्रमात दारिद्र्यरेषेपर्यंतची सगळी कमाई मोकळी होती आणि मदतीला २१ महिन्यांची मुदत होती. बिटलर, गेल्बाक आणि हॉइन्स या अर्थतज्ज्ञांनी २००६ मध्ये त्याचे आकडे थरांनुसार मांडले. मुदतीआधी मधल्या थरात कमाई वाढली, तळाशी फरक पडला नाही, आणि वरच्या थरात उलट थोडी घट दिसली, कारण मदत चालू राहावी म्हणून तिथे कमाई आवरती घेण्यात फायदा होता. सरासरीने हे तिन्ही झाकले असते.

अट कागदावर पुरी करता येते का ते पाहा

हा टप्पा अर्थतज्ज्ञ घाईत उरकतात आणि अर्ज भरून देणारे कार्यकर्ते कधीच विसरत नाहीत. आर्कान्सासने जून २०१८ पासून गरिबांच्या आरोग्य विम्याला कामाची अट लावली: महिन्याला ८० तास काम, शिक्षण किंवा समाजसेवा. पहिल्या वर्षी अट ३० ते ४९ वयोगटाला होती. तीन महिने चुकले की वर्षअखेरपर्यंत विमा बंद. सुरुवातीला तास नोंदवायचे फक्त संकेतस्थळावर, आणि ते संकेतस्थळ रोज रात्री ९ ते सकाळी ७ बंद असे. दिवसपाळी करून, मुलांना झोपवून जिला वेळ मिळतो तिला त्या वेळी दार बंद. काही महिन्यांत सुमारे १८ हजार लोकांचा विमा गेला. ज्यांच्यावर अट होती त्यातले ९५ टक्क्यांहून अधिक लोक आधीच ती पुरी करत होते किंवा सूट मिळण्यास पात्र होते, असे नंतरच्या सर्वेक्षणात आढळले. काम करणाऱ्यांचे प्रमाण वाढल्याचे दिसले नाही. मार्च २०१९ मध्ये न्यायालयाने ही अट थांबवली.

तुमच्या तपासणीत म्हणून एक प्रत्यक्ष चाचणी ठेवा. सूचनेचे पत्र मिळवा, पोर्टल मोबाइलवर उघडा, एका महिन्याचे तास नोंदवून पाहा. किती पाने, कोणते कागद, मालकाची सही लागते का, तास दर आठवड्याला बदलत असतील तर रकाना तसे भरू देतो का, सूट मागायची तर अर्ज कुठे, नकार आला तर किती दिवसांत दाद मागायची. मग बंद झालेल्या प्रकरणांच्या कारणांशी हे ताडून पाहा. नोंदणीतच लोक गळत असतील, तर कामाच्या अटीचा कामावर काय परिणाम झाला हा प्रश्नच पुढचा राहतो.

निष्कर्ष लिहिताना

एका वाक्यात पाच गोष्टी हव्यात: कोणता गट, कोणते माप, कोणता काळ, कशाच्या तुलनेत, आणि कोण सुटले. 'सुधारणेमुळे गरिबी घटली' असे लिहू नका. असे लिहा: 'बदलानंतरच्या आठ तिमाहींत, दोन मुले असलेल्या एकट्या मातांचे कामाचे प्रमाण मूल नसलेल्या स्त्रियांच्या तुलनेत ९ अंकांनी जास्त वाढले, कर, करसवलत आणि कामाचा खर्च धरून उत्पन्न मधल्या थरात वाढले, तळाच्या थरात बदलले नाही, अर्ज न केलेली कुटुंबे यात नाहीत.' वाक्य लांबते, बातमीच्या मथळ्यात बसत नाही. मथळा देणाऱ्याने त्यातला कोणता तुकडा उचलला ते मात्र लगेच कळते.

नियमांचे पान, घराचा तक्ता आणि वापरलेल्या आकड्यांची फाइल अहवालासोबत द्या. तक्ता सूत्रांसह द्या, नुसती उत्तरे नकोत, म्हणजे पुढच्या अर्थसंकल्पात कपातीचा दर बदलला की कोणालाही एक खाना बदलून नवे उत्तर काढता येईल. ब्रिटनने २०२१ मध्ये युनिव्हर्सल क्रेडिटच्या कपातीचा दर ६३ वरून ५५ टक्के केला, तेव्हा ज्यांचे तक्ते असे तयार होते त्यांना नवा हिशोब त्याच दिवशी मांडता आला असता.